रेंजरसाहेबांची बुटकी

धंतोलीतल्या आमच्या घरमालकांची मिशी एका बाजूनं आखूड होती. डावी बाजू भरदार, पीळ दिलेली, बघणाऱ्यानं दबकून राहावं अशी; अन् उजवी जळलेल्या गवतासारखी खुरटी. त्याचं कारण विचारायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन मी त्या घरात भाडेकरीण म्हणून आले आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीवर विचारून बसले. झालं. माझी घागर काठावर तशीच, चुलीवरची डाळ तशीच, आणि हे गृहस्थ एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लाटणं घेऊन मला बंदुकीचं शास्त्र समजावून देताहेत. लाटणं माझंच होतं. त्यांनी ते माझ्या स्वयंपाकघरातून कधी उचललं, मला पत्ता लागला नाही.

“हे पाहा पोरी,” ते म्हणाले, “ही छत्री म्हणजे साधी रायफल. पुढं नळी, मधात बोल्ट, अन् मागं दस्ता. दस्ता म्हणजे काय? खांद्याले टेकवाले दिलेलं लाकूड. आत काहीच नाही. घरजावई आहे तो, जागा अडवून बसला फक्त. म्या काय केलं, बोल्ट उचलला अन् मागं त्या दस्त्यात नेऊन बसवला. जावई कामाले लागला. आता ही झाली लाटण्याएवढी. नळी तेवढीच, मार तेवढाच, अन् बंदूक हातभर बुटकी.”

बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलणारी, मागंपुढं सरकणारी लोखंडी खिटी, हे मला त्या दिवशी कळलं. नव्या आडनावाची सवय व्हायच्या आधी मला बोल्टची सवय झाली.

“अन् मिशी?” मी विचारलं. डाळ करपल्याचा वास यायला लागला होता.

“बोल्ट दस्त्यात गेला म्हणजे गालाखाली आला. गालाखाली आला म्हणजे धूर, झळ, आवाज, सगळं गालाखाली. मिशी गेली. जाऊ दे. मिशी उगवते, हात उगवत नाही.”

त्या दिवशी आमच्याकडे करपलेलं वरण झालं. आमचे हे सेक्रेटरिएटात कारकून, स्वभावानं गरीब. दोन घास गिळून म्हणाले, “त्यांना मिशीचं विचारलंस ना?” म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त मलाच नव्हतं.

हाताची गोष्ट मला काकूंनी सांगितली. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. मी त्यांना काकू म्हणायची आणि घरमालकांना काका, बाकी धंतोली काकांना रेंजरसाहेब म्हणे. ते जंगलखात्यात होते, सगळी नोकरी उमरेडकडच्या जंगलात गेली. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. सकाळी बांबूच्या बेटातून जाताना समोर अस्वल आलं. काकांनी बंदूक वळवली आणि तिची लांब नळी दोन बांबूंच्या मधात अडकली. तेवढ्यात अस्वलानं त्यांचा डावा दंड फाडला. सोबत सोमा नावाचा गार्ड होता. त्यानं कुऱ्हाड परजून, बोंबा मारून अस्वल पळवलं आणि काकांना गाडीत घालून उमरेडला आणलं. हात राहिला, पण पुढं ताणून वजन पेलायची ताकद त्यात राहिली नाही. खात्यानं ‘नाकाम’ असा शिक्का मारून त्यांना पेन्शनीत काढलं. ह्या शब्दावर त्यांचा फार राग. घरात कोणी फुटकी बादली नाकाम झाली म्हटलं तरी ते उठून आत जायचे.

अस्वलावर मात्र राग नव्हता. “त्याची काही चुकी नाही,” ते म्हणायचे. “तो निमूट मोह खाऊन राहिला होता, म्याच मधात गेलो. चुकी नळीची.”

म्हणून ही बुटकी. तिचं सगळं वजन मागं, खांद्याजवळ. पुढच्या हातानं पेलायचं काही कामच नाही, लेकराच्या पाठीला लावावा तसा हात नुसता लावायचा. विलायतेत कोणीतरी पूर्वी अशी बंदूक करून पाहिली होती आणि फौजेनं ती नको म्हटली, असं त्यांनी एका साहेबाच्या बंगल्यावर ऐकलं होतं. फौजेनं नको म्हटली ह्याचं त्यांना काही नव्हतं. “फौज मैदानात लढते,” ते म्हणत, “तिले बांबूचं काय कळते?” त्यांनी आपल्याच परवान्याची जुनी रायफल इतवारीतल्या मिस्त्रीकडे नेली आणि वर्षभर त्या मिस्त्रीचं डोकं खाल्लं. मिस्त्री शेवटी हात जोडून म्हणाला, साहेब, ही बंदूक घेऊन जा आणि परत येऊ नका.

त्यांना काय हवं होतं, ते लपलेलं नव्हतं. जंगलखात्याच्या मोठ्या साहेबानं ती बंदूक एकदा हातात घ्यावी, पसंत करावी, गार्डांना तशा बंदुका द्याव्यात, आणि त्या चालवायला शिकवायला म्हणून आपल्याला परत जंगलात न्यावं. एवढंच. सकाळी देवापुढं उभे राहिले तरी मोठ्यांदा म्हणायचे, “मले परत जायचं आहे बाप्पा, बाकी तुले जे करायचं ते कर.” पगार नको, हुद्दा नको. काकूंनाही तेच हवं होतं, मात्र त्यांची तऱ्हा वेगळी. “घरात बसून माणूस आंबून जाते वं,” त्या मला म्हणायच्या. “हे जंगलात गेले तं मी नवस फेडीन, अन् दोन दिवस झोपा काढीन.”

खरी बंदूक कपाटात कुलपात असे. पण मी आल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या मापाची एक सागवानी प्रतिकृती त्यांनी करून घेतली, ती सदा काखेत. तिच्यानं ते जगाचं माप काढायचे. माझ्या दारातून आत येताना ते आधी छत्री आडवी धरून यायचे, ती चौकटीला अडकायची. मग मागं जाऊन बुटकी धरून यायचे, ती आत यायची. “पाहिलं?” म्हणायचे. मी रोज पाहत होते. पाहुणे आले की त्यांनाही हा खेळ करून दाखवावा लागे. सीताबर्डीवर उभा असलेला एकूण एक टांगा त्यांनी बसून पाहिला होता. आत बसायचं, लाकडी बंदूक खांद्याला लावायची, आणि चालत्या टांग्यात झटकन मागं वळायचं. शेजारच्या उतारूच्या नाकाला न लागता वळता आलं की खूष. टांगेवाले त्यांना पाहून चाबूक उचलायचे.

एका लग्नात तर मी स्वतः पाहिलं. पंगत बसली होती, वाढपी घाईत, आणि दोन ओळींच्या मधून हे गृहस्थ लाकडी बंदूक छातीशी धरून वाकून वाकून चालताहेत. कोणाच्या पानाला धक्का लागला नाही. यजमान धावत आले. काका त्यांना म्हणाले, “बांबूचं बेट याच्याहून दाट असते. पण सराव झाला.” आणि शांतपणे जाऊन पानावर बसले.

नवीन शेजारणी आल्या तेव्हा झालेला घोळ धंतोलीत पुष्कळ दिवस पुरला. काका कुंपणावरून कोणाला तरी सांगत होते, “काल बुटकीले घेऊन उमरेडकडे गेलो. झाडाखाली बसलो दुपारभर. मोठा आनंद आला.” शेजारणींनी ते ऐकलं आणि संध्याकाळी दोघी हळदीकुंकवाचं निमित्त करून काकूंचं सांत्वन करायला आल्या. काकूंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “काय करावं बाई, माझ्यापेक्षा तिचा आवाज मोठा आहे, म्हणून आवडते त्याईले.” त्या गेल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं.

पण एक सांगते, हा माणूस खोटं बोलत नसे. आपल्या बंदुकीचे दोष तो कोणी विचारायच्या आधी सांगून टाकी. एकदा एक मालगुजार मोठ्या हौसेनं बुटकी पाहायला आला. अशीच एक मलाही करून द्या म्हणाला. काकांनी त्याला गादीवर बसवलं आणि सुरू केलं.

“घोडा जड आहे, हे आधी ऐका. तो पुढं, अन् मार करणारं यंत्र मागं. मधात लांब सळई. चुलीपाशी बसून अंगणातलं फाटक दोरीनं उघडावं तसं होते. बोट ओढते, तिकडं हालाले वेळ लागते. दुसरं, आवाज कानातच होते. हा माझा उजवा कान पाहा, कापूस घालून राहतो, लोकं समजतात अत्तराचा फाया. तिसरं, दुसरं काडतूस भरायचं तं गाल उचलावा लागते, नाहीतर खिटी नाकावर येते. अन् चौथं, देव न करो, पण काडतूस फुटलंच तं दूर नाही फुटणार. तुमच्या जबड्याखालीच फुटीन.”

मालगुजारानं चहा घेतला, पान खाल्लं आणि गेला तो गेलाच. काकू चिडल्या. “चांगलं माणूस आलं होतं, घाबरवून लावलं. सगळं काहून सांगावं लागते तुम्हाले?”

“सोयरीक करताना पोरीचा दोष लपवला,” काका म्हणाले, “तं मागून भोगावं पोरीलेच लागते. दोष आधी सांगावा, गुण कळतातच.”

मला ते तेव्हा फार आवडलं. अजूनही आवडतं. फक्त एक दोष होता, जो त्यांनी दोषात धरलाच नव्हता. ती सगळी बंदूक उजव्या खांद्यासाठी होती. साध्या रायफलीत बोल्ट चेहऱ्यापुढं असतो, खांदा बदलला तरी अडचण थोडी. ह्यांचा बोल्ट गालाखाली, त्याची मूठ उजव्या बाजूला बाहेर आलेली, आणि रिकामं काडतूस उडायचं तेही उजवीकडे. उजव्या खांद्याला लावली तर ठीक. डाव्या खांद्याला लावली की ती मूठ सरळ गालफडावर. हे त्यांना दाखवून दिलं ते काकूंनी.

काकू जन्मानं डावखुऱ्या. आमच्याकडे अशा माणसाला डावरा म्हणतात आणि लहानपणीच त्याचा बंदोबस्त करतात. काकूंच्या आईनं त्यांचा डावा हात फडक्यानं कमरेशी बांधून ठेवला होता, उजव्यानं जेवायला लागेपर्यंत. पुढं सासरी आल्या तेव्हा एकदा चुकून डाव्या हातानं भात वाढला तर सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या होत्या. तेव्हापासून काकूंचा डावा हात चारचौघांत पदराखाली असायचा. अंगणात एकट्या असल्या की विळ्यानं गवत कापताना, विहिरीचा दोर ओढताना तो बाहेर यायचा, आणि मग त्यांच्या कामाला अशी काही लय यायची की बघत राहावं. मी पाहते आहे असं दिसलं की हात परत पदराखाली.

एका दुपारी काकांना हुक्की आली. लाकडी बुटकी काकूंच्या हातात देऊन म्हणाले, “लावून पाहा वं. इतकी हलकी आहे की बाईमाणसालेही जमते.” काकूंनी हात पुसले आणि झटकन ती खांद्याला लावली. डाव्या. गाल टेकवला, आणि लाकडी मूठ गालात रुतली.

“उजव्या, उजव्या,” काका म्हणाले.

“मले असंच येते.”

“येते म्हणजे काय? सुधारावं लागते.”

“अन् साहेबाले असंच आलं तं?” काकूंनी विचारलं. “त्याच्या गालात रुतणार नाही का हे?”

काका हसले. चेष्टेनं नाही, अगदी मायेनं हसले. “अवं, साहेब झाला म्हणून त्याले माय नव्हती का? पाच वर्षाच्या वर डावरं माणूस जगात राहतच नाही. माय राहू देत नाही. इतकी वर्षं जंगलात काढली म्या, इतके गार्ड पाहिले, एक डावरा नाही दिसला.”

काकू मी समोर असूनही म्हणाल्या, “मी आहे ना.”

“तू कुठं डावरी? तू तं सुधारली,” काका म्हणाले आणि बंदूक काढून घेतली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि तांदूळ निवडायला बसल्या. उजव्या हातानं. मला काकांचा इतका राग आला होता की त्या दिवशी ते नेहमीसारखं लाटणं मागायला आले तेव्हा मी दिलं नाही. पण काय बोलणार. आमच्या माहेरीसुद्धा डावऱ्या पोराच्या हातावर पळी मारायचेच. सगळ्यांच्याच घरी जे चालतं ते कोणाला दिसत नाही.

मग त्या थंडीत एक दिवस सोमा गार्ड आला. तो अधूनमधून यायचा, चारोळी नाहीतर मध घेऊन. ओसरीच्या पायरीवर बसायचा, वर कधी येत नसे. म्हणाला, “सायेब, मोठ्या सायबानं हो म्हटलं. रविवारी चांदमारीवर येऊन राहिले. तुमची बंदूक पाहतो म्हणाले.”

तीन दिवस त्या घरात कोणी धड जेवलं नाही. काकांनी मिशीची लांब बाजू कापून दोन्ही सारख्या केल्या. काकू गणपतीला नवस बोलल्या. रविवारी पहाटेच उठून त्यांनी कढी-गोळे केले, परतल्यावर गोड घास म्हणून शिराही केला, आणि मला म्हणाल्या, “तू चाल वं माझ्यासोबत. मी एकटी टांग्यात बसून राहिली तं माझं काळीज बंद पडीन.” आमच्या ह्यांना बंदुकीच्या आवाजाची धास्ती, ते घरीच राहिले. चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाकडेला एका कडुनिंबाखाली आमचा टांगा उभा राहिला आणि आम्ही दोघी त्यातूनच सगळं पाहिलं.

साहेब उंच, तांबूस, उतारवयाचा, बोलायला बरा होता. सोबत दहाबारा गार्ड ओळीनं उभे. काकांनी जुना खाकी कोट घातला होता, तो आता सैल झाला होता. आधी त्यांनी सगळे दोष सांगितले. घोडा जड, आवाज कानात, गाल उचलावा लागतो, फुटलं तर जबड्याखाली. काकूंनी टांग्यात कपाळाला हात लावला. साहेबाला मात्र ते आवडलं असावं, तो मान हलवत होता. मग काकांनी बुटकी खांद्याला लावली. त्या पांगळ्या हातानं नुसता खालून आधार दिला. आवाज झाला, लांब निशाणाच्या चांदाजवळचा माणूस धावत गेला आणि त्यानं झेंडी हलवली. पुन्हा लावली, पुन्हा झेंडी. गार्डांच्या ओळीतून कोणीतरी “वा” म्हणालं. मी काकूंकडे पाहिलं, त्या रडत होत्या आणि हसत होत्या.

“बहुत अच्छा, रेंजर,” साहेब म्हणाला. “अब हमको दो.”

त्यानं बंदूक घेतली, तिचं वजन पाहिलं, कौतुकानं दस्त्यावर हात फिरवला आणि ती डाव्या खांद्याला लावली.

काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी फुटली. “डावरा आहे वं तो,” त्या हळूच म्हणाल्या.

काका पुढं धावले. “साहब, दाहिना कंधा. दाहिना.”

“हम बचपन से ऐसाच मारता है,” साहेब म्हणाला आणि त्यानं घोडा ओढला.

बंदुकीनं मागं धक्का दिला आणि ती लोखंडी मूठ साहेबाच्या गालाच्या हाडावर बसली. बंदूक त्याच्या हातून सुटली नाही, पण तो दोन पावलं मागं गेला. रुमालाला रक्त लागलं. साहेब रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. रुमाल गालावर दाबून म्हणाला, “रेंजर, लेफ्ट हाथवाले का क्या होगा?”

“साहब, गलती हो गई. लेकिन अपने गार्डों में कोई डावरा नहीं है. एक भी नहीं.”

साहेबानं गार्डांना विचारलं, कोण डावा? एकही हात वर झाला नाही. काकांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. मग साहेबानं काय करावं, जमिनीवरचा एक दगड उचलला आणि म्हणाला, सगळ्यांनी एकेक दगड घ्या आणि त्या वारुळाला मारा, बघू कोणाचा लागतो. बक्षीस देऊ. गार्ड हसले, दगड घेतले, आणि ईर्ष्येनं मारले. ईर्ष्येत माणूस विसरतो. त्यांच्यातले तिघे डाव्या हातानं मारून गेले. आणि वारुळाला नेमका दगड लागला तो सोमाचा. डाव्या हातानं मारलेला.

काका त्याच्याकडे बघतच राहिले. ज्यानं त्यांना अस्वलाच्या पंजातून ओढून काढलं, त्याचा हात कोणता, हे त्यांना माहीत नव्हतं.

“सोमा, तू डावरा आहेस?”

“लहानपणापासून, सायेब.”

“मले कसं दिसलं नाही?”

“तुमच्या समोर उजव्यानंच करत होतो,” सोमा खाली पाहून म्हणाला. “मायनं सांगतलं होतं, मोठ्या माणसापुढं उलटा हात काढू नको म्हणून.”

साहेबानं बुटकी परत काकांच्या हातात दिली. जपून दिली. “बंदूक अच्छा है, रेंजर,” तो म्हणाला. “एक आदमी का बंदूक है. डिपार्टमेंट का नहीं.” त्यानं काकांचा खांदा थोपटला आणि गेला. जंगलाचं दार त्या सकाळी बंद झालं ते कायमचंच. पुन्हा कोणी त्यांना बोलावलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

परतताना काकाही आमच्याच टांग्यात होते. सीताबर्डीवरून जाताना एका टांगेवाल्यानं काकांना पाहून सलाम ठोकला, त्यांनी पाहिलं नाही. बंदूक मांडीवर आडवी, आणि तिच्यावर दोन्ही हात. मला वाटत होतं काकू काहीतरी म्हणतील. ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हणायचा त्यांचा हक्क होता, मी असते तर दहा वेळा म्हटलं असतं. शेवटी काकाच म्हणाले, “तू सांगतलं होतं.”

“हो,” काकू म्हणाल्या. बस.

घरी आलो तेव्हा दुपार टळत होती. मी आपल्या बिऱ्हाडाकडे निघाले तर काकूंनी मला धरून ठेवलं. “आज तू इथंच थांब,” त्या म्हणाल्या. त्यांना एकटीनं काकांपुढं जायची भीती वाटत असावी. मी पान मांडलं, पाणी ठेवलं. काका हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले, कोट काढायचा राहिला होता. मी कोपऱ्यात उभी होते.

काकूंनी कढीचं ओगराळं उजव्या हातात घेतलं. एरवीही त्यांच्या त्या हातातून थोडं सांडायचंच. त्या दिवशी कढी वाटीत कमी आणि पाटाभोवती जास्त पडली. त्या पुसायला वाकल्या.

“थांब,” काका म्हणाले. “पुसू नको. त्या हातानं वाढ.”

काकूंना कळलं, पण कळलं नाही असं दाखवून त्या तशाच वाकून राहिल्या.

“डाव्या हातानं वाढ,” काका पुन्हा म्हणाले.

“काहीतरीच,” काकू म्हणाल्या. “समोर देव आहेत.”

“पाहू दे देवाले.”

“तुमच्या आई ताटावरून उठल्या होत्या.”

“आई उठली होती. मी बसलो आहे.” ते काकूंकडे न बघता ताटाकडे बघत बोलत होते. “सोमानं दगड मारला तं म्या पाहिलं, कसा सुटला तो हातातून. अन् मले तुझं आठवलं. तुले बांधून ठेवलं तुझ्या मायनं, मग माझ्या मायनं, अन् मग म्या. मले लाज वाटून राहिली. वाढ वं.”

काकूंनी पदराखालून तो हात काढला. माझ्याकडे एकदा पाहिलं, जणू मी परवानगी देणार होते. मी मान हलवली. मग त्यांनी ओगराळं डाव्या हातात घेतलं, भांड्यात बुडवलं, आणि कढी वाटीत घातली. गोळा मधोमध बसला आणि वाटीच्या काठाला थेंबही लागला नाही.

काकांनी वाटी उचलून पिऊन टाकली आणि पुन्हा पुढं केली. काकूंनी पुन्हा वाढली. भात वाढला, शिरा वाढला. काका खाली मान घालून जेवत होते. त्यांना भूक नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. सकाळपासून त्यांच्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं. तरी वाटी रिकामी झाली की ते ती पुढं करायचे. आणि काकू, रडत रडत, डाव्या हातानं वाढत राहिल्या.